मांजरीपुरता अंधार

आमच्या इमारतीच्या सचिवांना सगळे बचतकाका म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांना ती पदवी वाटते.

दुपारी लिफ्ट बंद ठेवायची, ही त्यांचीच कल्पना. जिन्याला खिडकी नाही, भरदुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. म्हणून मजल्यामजल्यावर माणूस आला की आपोआप लागणारे दिवे बसवले. तिथवर ठीक होतं. पण मग काकांच्या लक्षात आलं, की जिन्यातल्या मांजरीसाठीही दिवे लागतात. "तिला अंधारात दिसतं की! तिच्यासाठी वीज कशाला जाळायची?" असं म्हणत त्यांनी स्टुलावर चढून प्रत्येक सेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली. कमरेखालचं जग त्या दिवशी हिशेबातून गेलं.

माझी लेक अजून माझ्या कमरेलाही लागत नाही.

परवा दुपारी आम्ही दोघी खाली निघालो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. ती पुढे झाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. खालचा दिवा लागलाच नाही. धप्प आवाज आला, मग काहीच नाही. मी पिशव्या टाकून धावले. मग तिनं भोकाड पसरलं, तेव्हा माझा श्वास सुटला. कपाळावर टेंगूळ, एवढ्यावर निभावलं.

तिला कडेवर घेऊन मी तशीच काकांच्या दारात.

"अगं, उचलून घ्यायचं ना पोरांना! तुम्ही हल्लीच्या आया उगाच घाबरता."

"दिवा लागला नाही, काका."

"माणूस आला की लागतो. म्हणजे लागतोच!"

"मग तिच्यासारखं उतरून दाखवा. ती बसून उतरते, एकेक पायरी."

आतून काकू म्हणाल्या, "दाखवा की!"

काका तावातावानं निघाले. पहिल्या पायरीवर विजार सावरत बसले आणि घसरत घसरत वळणापलीकडे गेले. आम्ही वरच थांबलो. खाली मिट्ट काळोख.

"अरे, दिवा लावा कुणीतरी! पायरी दिसत नाहीये!"

"माणूस आला की लागतो ना?" काकूंनी विचारलं.

"चेष्टा पुरे! पडेन मी!"

मी लेकीच्या टेंगळावरून हात फिरवला. जरा सावकाशच फिरवला, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, "काका, हात वर करा."

लख्ख उजेड पडला. आम्ही कठड्यावरून वाकून पाहिलं. बचतकाका पायरीवर बसलेले, वर्गात शू लागलेल्या मुलासारखा एक हात वर.

"काका माऊ!" लेक आनंदानं ओरडली. काकूंना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

संध्याकाळपर्यंत पट्ट्या निघाल्या. फलकावर सूचना लागली : 'सचिवांनी स्वतः केलेल्या सुरक्षा-पाहणीनंतर दिव्यांत सुधारणा करण्यात आली आहे.' 'स्वतः' हे मात्र खरं.

माझा तरी विश्वास नाही. बाहेर पडण्याआधी मी दार किलकिलं करून उभी राहते. मांजर जिन्यातून जाते, दिवा लागतो. मगच लेकीच्या पायात चपला घालते.