मशीनची भीती काढणारे स्पंदनगुरू

सकाळी अकरा वाजता आमच्या कारखान्यातली चाळीस माणसं तीन नंबरच्या प्रेस मशीनसमोर डोळे मिटून उभी होती. भरपगारी. मालक सगळ्यांत पुढे, हात जोडून. हे मशीन पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकतं, आणि गेला महिनाभर ते रोज अकराच्या सुमारास आपोआप थांबत होतं.

ते थांबू नये म्हणून स्पंदनगुरूंना आणलं होतं. पांढरा झब्बा, खांद्याला झोळी, झोळीत काहीतरी चौकोनी.

"यंत्राचा प्राण लोखंडात नसतो," गुरू म्हणाले. "दोन लोखंडांमधल्या पोकळीत असतो. ही पोकळी घाबरलीय. मी तिची भीती काढतो. मध्येच जो डोळे उघडेल, त्याची दृष्टी जाईल."

"कायमची का?" मी विचारलं. मी इथला इलेक्ट्रिशियन. नेमकी माहिती असलेली बरी.

"गप रे, मेल्या!" शेजारून मावशी पुटपुटली. ही माझी सख्खी मावशी. तीन नंबरवर तीच बसते.

अकरा मिनिटांनी आम्ही डोळे उघडले. मशीन सुरू. त्या दिवशी ते एकदाही थांबलं नाही. पुढे आठवडाभर नाही. सुपरवायझरने गुरूंचा फोटो नेमका तापमानाच्या आकड्यांवर चिकटवला, त्यामुळे मशीन तापायचंही बंद झालं.

मला राहवेना. मी मशीनचं कंट्रोल पॅनेल उघडून लॅपटॉप जोडला. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद पॅनेल स्वतःच ठेवतं. गुरू आले त्या दिवशी, अकरा वाजून सहा मिनिटांनी, एक आकडा बदलला होता. आठचा पाचशे. पासवर्डसाठी अंतर्ज्ञान लागलं नसावं; तो पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलाच आहे. आणि संसार सोडण्यापूर्वी गुरू अशीच पॅनेलं दुरुस्त करायचे, हे त्यांच्याच माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलंय.

जेवणाच्या सुट्टीत मी मावशीला गाठलं.

"मावशी, तुझ्या मशीनच्या तोंडाशी तो हात ओळखणारा प्रकाशाचा पडदा आहे ना? तो नेटवर्कच्या वायरीतून दर आठ मिलिसेकंदाला मशीनला कळवतो. हात नाही, हात नाही, हात नाही."

"बिचारा. कंटाळत नाही?"

"नाही. पण एक जरी निरोप वेळेत आला नाही, तरी मशीन जागीच थांबतं. कारण निरोप नाही म्हणजे कदाचित आत हात असेल."

"मग रोज अकरालाच का थांबायचं?"

"अकराला मालक येतात आणि केबिनमधल्या टीव्हीवर आठ कॅमेरे लावतात. ती चित्रंही त्याच वायरीतून जातात. समज, एका दारातून आठ कपाटं बाहेर काढताहेत, आणि मागे एक माणूस चिठ्ठी घेऊन ताटकळतोय. ती चिठ्ठी म्हणजे आपला निरोप. घाईच्या निरोपाला आधी वाट द्यायची सोय असते, पण मालकांनी स्वस्तातलं नेटवर्क टाकलंय. तिथे सगळे समान."

"आणि गुरूंनी काय केलं?"

"आठचे पाचशे मिलिसेकंद केले. मशीनला सांगितलं, अर्धा सेकंद निरोप आला नाही तरी चालत राहा. अर्ध्या सेकंदात तुझा हात कुठे पोचतो?"

मावशीने डबा बाजूला ठेवला. "आत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना गोळा केलं आणि काठीला गाजर बांधलं. मालकांचा टीव्ही बंद असताना गाजर आत घातलं. मशीन जागीच थांबलं. मग टीव्ही लावायला सांगितला. पहिली दोन गाजरं वाचली. तिसऱ्याचं झाकण झालं.

मला वाटलं, विवेक जिंकला.

सुपरवायझर पुढे झाला, ते चपटं गाजर त्याने दोन्ही हातांनी उचललं आणि गहिवरून म्हणाला, "बघितलंत? बाईंवरचं संकट गाजरावर गेलं!"

टाळ्या. हल्ली मशीनपुढे रोज एक ताजं गाजर ठेवतात.

मी मालकांकडे गेलो. "कॅमेऱ्यांना वेगळी वायर टाका आणि तो आकडा परत आठ करा. एका दुपारचं काम आहे."

"गुरूंना विचारतो," मालक म्हणाले. गुरूंनी कळवलं की वायर वाढली की मोह वाढतो. मग मी टीव्हीची वायरच उपटली. मालकांना पाच मिनिटं काही दिसलं नाही; सहाव्या मिनिटाला मी फाटकावरचे दिवे बदलायच्या कामावर होतो. पॅनेलला कुलूप लागलं, किल्ली गुरूंच्या झोळीत गेली. मी सरकारच्या कारखाना सुरक्षा खात्याला दोन पत्रं लिहिली. निरीक्षक आले, गाजर बघितलं आणि स्वतःच्या गुडघ्यासाठी गुरूंची वेळ मागून गेले.

"मावशी, तू उठ त्या मशीनवरून," मी म्हणालो.

"उठले तर उद्या दुसरी बसेल. तिला कोण एवढं समजावून सांगणार? मला निदान ठाऊक तरी आहे."

"ठाऊक असून काय करतेस?"

"भराभर हात काढते."

तेव्हा वाचकहो, मशीन वारंवार थांबत असेल, तर ते कशाला घाबरतंय हे आधी शोधा. ते थांबायचं एकाएकी बंद झालं, तर त्याहून जास्त शोधा. काय बदललं, कोणी बदललं, आणि त्या वेळी आपल्याला डोळे मिटायला का सांगितलं होतं? एवढे तीन प्रश्न विचारा. दृष्टी जात नाही. मी त्या दिवशी एक डोळा किलकिला ठेवला होता. समोर बाकीचे उभे असल्यामुळे दिसलं काहीच नाही, पण डोळा शाबूत आहे.

मावशी रोज संध्याकाळी सहाला फाटकातून बाहेर पडते. मी शिडीवर असतो. ती दोन्ही हात वर करून दाखवते आणि मी बोटं मोजतो. आज दहा होती.