होटगीचं हाड

सोलापुरात माझी ओळख अशी करून देतात: डॉ. महेश्वरी, सोलापूरजवळ डायनासोरचं हाड शोधणाऱ्या शास्त्रज्ञ. यातलं माझं नाव आणि शिक्षण खरं आहे. हाड शोधलं माझ्या वडिलांनी, आणि ते सोलापूरजवळचं नव्हतंच.

अप्पा रेल्वेत गँगमन होते. होटगीच्या यार्डात बत्तीस वर्षं हातोडा आणि पाना घेऊन रुळांवरून चालले. एकदा चंद्रपूरकडून चुनखडीचे दगड भरून आलेली मालगाडीची वाघीण यार्डात घसरली. रूळ मोकळे करताना त्यांना एक दगड दिसला, मधे कंबर बारीक, दोन्ही टोकं रुंद, अगदी डमरूसारखा. शंकराची वस्तू पायदळी कशी ठेवायची, म्हणून उपरण्यात गुंडाळून घरी आणला आणि देवळीत ठेवला. रोज लिंगपूजा झाली की त्यालाही विभूतीचं बोट लावायचे.

२००६ साली मी दिवाळीला घरी आले तेव्हा तो पहिल्यांदा उलटा करून पाहिला. खालच्या बाजूला हाडाला असते तशी बारीक जाळी होती. डायनासोरच्या शेपटीचा मणका आमच्या देवळीत विभूती लावून बसला होता.

"अप्पा, हा कुठं मिळाला?"

"वाघिणीतनं पडलेला की. चांद्याकडची गाडी हुती."

चांदा म्हणजे चंद्रपूर. त्यांनी इतकं स्वच्छ सांगितलं होतं. आता दुसऱ्या कुणावर ढकलायला मला जागाच नाही.

आमच्या धंद्यात हाड कुठं सापडलं याला हाडाइतकीच किंमत असते. चंद्रपूरकडं अशी हाडं आधीच सापडलेली आहेत; तिकडचं म्हटलं असतं तर आणखी एक मणका म्हणून तो कुठल्या तरी कपाटाच्या खणात गेला असता. सोलापूरची गोष्ट वेगळी. इथली सगळी जमीन लाव्हाच्या दगडाची. पण होटगीच्या नाल्यात, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे, जुन्या तळ्यातल्या मातीचा वीतभर पट्टा दिसतो. हाड त्या पट्ट्यातलं असेल, तर लाव्हा वाहत होता त्या काळातही डायनासोर इथं जगत होते असा अर्थ निघतो, आणि मग जगभरचे लोक कान टवकारतात. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. पीएचडी होऊन पाच वर्षं झाली होती आणि अजून अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर फिरत होते. माझ्यापेक्षा मठ्ठ माणसं कायम झालेली बघून मी जळत होते.

मी लिहिलं: नमुना होटगीजवळील नाल्यातल्या थरातून. शोधणारे: शिवप्पा, माझे वडील.

मणक्याच्या खाचेत पांढरी चुनखडी चिकटलेली होती. ती मी सुईनं खरवडून काढली. याला आमच्यात नमुना स्वच्छ करणं म्हणतात. मी पुरावा पुसत होते.

लेख छापून आला. नोकरी कायम झाली. मग एक पत्रकार अप्पांना घेऊन नाल्यावर गेला, मीही बरोबर होते. "आजोबा, नक्की कुठं सापडलं?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी हात वर करून नाला दाखवला. "हितं," म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की परत येताना मी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

पुढं माझी विद्यार्थिनी संस्कृती चार वर्षं त्याच नाल्यातली माती चाळत बसली. तिला गोगलगायी मिळाल्या, माशांचे दात मिळाले. हाड कुठून मिळणार? ती रडकुंडीला यायची आणि मी तिला सांगायचे, चिकाटी सोडू नकोस. ते आठवलं की आजही मला माझं तोंड आरशात बघवत नाही.

या फेब्रुवारीत नव्या पेठेजवळच्या माझ्या जुन्या शाळेनं आम्हा बापलेकीचा सत्कार ठेवला. हेडमास्तर विरेश सर उत्साही माणूस, त्यांनी नाल्याचा फोटो फ्लेक्सवर छापून घेतला होता. व्यासपीठावर एक मुलगी पाहुण्यांना विभूती लावत आली. अप्पांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. "मला नगं, बाळ."

अप्पांच्या कपाळावर विभूती नसते हे मी कितीतरी वर्षं पाहत होते. एकदा विचारलं तर घामानं खाज सुटते म्हणाले होते, आणि मीही पुढं विचारलं नव्हतं. त्या दिवशी शाळेत ते बरं दिसेना, म्हणून मी कानाशी वाकून म्हटलं, "अप्पा, एक दिवस लावा की."

"खोटं बोलून इबूत लावायची नसती," ते म्हणाले. "नाला दाखवला त्या दिसापासनं लावली न्हाय."

 लिंग तसंच त्यांच्या गळ्यात होतं, पूजा एक दिवस चुकली नव्हती, फक्त कपाळ इतकी वर्षं कोरडं होतं. आणि ते माझ्यामुळं होतं. मी तिथंच ठरवलं की भाषणात सगळं सांगून टाकायचं.

माझं नाव पुकारलं. मी उठले आणि वीस मिनिटं चिकाटीवर बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग विरेश सरांनी अप्पांच्या हातात माईक दिला. "आजोबा, दोन शब्द. कसं सापडलं ते मुलांना सांगा."

अप्पांनी घसा साफ केला. "नाल्यात न्हाय घावलं त्ये. मी खोटं बोललो हुतो. मालगाडीच्या वाघिणीतनं पडलेला दगूड हुता."

माझ्याबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. सभागृहात चुळबुळ झाली. विरेश सरांनी हसत माईक परत घेतला. "वय झालं की आठवणी सरमिसळ व्हायच्याच. मॅडम, नाल्यातलंच ना ते?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

ब्याऐंशी वर्षांच्या, शुद्धीतल्या माणसाला मी तीनशे पोरांसमोर वेड्यात काढलं, आणि तो माणूस माझा बाप होता. अप्पा खुर्चीत येऊन बसले. गळ्यातला हार काढून त्यांनी नीट घडी घातल्यासारखा मांडीवर ठेवला.

होटगीपर्यंत रिक्षानं आलो. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, घोंगडीवर बसले, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केली. मग विभूतीच्या वडीवर तीन बोटं घासून कपाळावर ओढली. तो पांढरा पट्टा मी त्यांच्या चेहऱ्यावर विसरूनच गेले होते.

लहानपणी मी पूजा संपली की कपाळ पुढं करायचे. तसंच केलं. अप्पांनी वडी कापडात गुंडाळली आणि गाठ मारली.

"तुजं न्हाय अजून."

"मी सांगते, अप्पा. विरेश सरांना आत्ता फोन करते."

"मी तोंडानं बोललो हुतो, तोंडानं मागं घेतलं. तू लिव्हलंयस की. तुला लिवूनच खोडाय लागंल."

रागावलेले नव्हते. रुळाचा सैल बोल्ट दाखवावा तसं सांगत होते.

मी तिथंच भिंतीला टेकून लॅपटॉप उघडला आणि ज्या मासिकात लेख छापला होता त्याच्या संपादकांना पत्र लिहिलं. नमुना होटगीच्या नाल्यातला नाही. हे लेख लिहिण्याआधीच मला माहीत होतं. हाडाला चिकटलेली चुनखडी मी जाणूनबुजून काढली. माझ्या विद्यार्थिनीची चार वर्षं माझ्यामुळं वाया गेली, तिचा यात काही दोष नाही. इतकं भराभर झालं. शेवटच्या वाक्याला मात्र तासभर लागला: नमुना शोधणारे माझे वडील शिवप्पा यांची स्मरणशक्ती उत्तम आहे, आज सकाळी मी त्याउलट भासवलं, तेही खोटं होतं.

पत्र मराठीत करून अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटच्या वाक्याला डोळे उघडले. मी पुन्हा कपाळ पुढं केलं.

कापडाची गाठ त्यांनी सोडली नाही.

"आदी धाड," म्हणाले.