साखरेतून आलेला संगणक

आमचा संगणक एकदम आला नाही. तो चौदा महिने येत राहिला. माझा थोरला भाऊ झेन्झो जोहान्सबर्गला एका गोदामात कामाला लागला, तेव्हा मी झिम्बाब्वेत, बुलावायोला, शाळेच्या शेवटच्या वर्षात होतो. खुपेकाका दर महिन्याला गाडीमागे दुसरी गाडी जोडून, सीमा ओलांडून, आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांचे सामान आणत. आमच्या गोणीत तेल, साखर, साबण आणि संगणकाचा एखादा सुटा भाग असे. प्रोसेसर साखरेच्या पिशवीत लपून आला. ग्राफिक्स कार्ड आईच्या नव्या ब्लँकेटच्या घडीत होते. मदरबोर्ड दोनदा पाठवावा लागला, कारण पहिल्यावर वाटेत कपडे धुण्याची पावडर सांडली होती.

त्याला आता अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत रविवारी दुपारी चार वाजता, वीज असेल तर, मी आणि झेन्झो आपापल्या घरातून फुटबॉलचा खेळ खेळत आलो. एरवी फोनवर तो ‘बरं चाललंय’ यापलीकडे जात नसे. खेळताना मात्र दोघांचेही डोळे चेंडूवर असत, आणि मग त्याला बोलता येई. गोदामातली नोकरी गेल्याचे त्याने मला पेनल्टी मारता मारता सांगितले होते. वडील गेले त्यानंतरच्या रविवारी आम्ही चार सामने खेळलो आणि चौथ्यात तो रडला.

यंदा जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, पडद्यावर सूचना आली: महिनाअखेर खेळाची जुनी आवृत्ती बंद होणार आणि नवी आमच्या यंत्रावर चालणार नाही. मी खोका उचलून थांदाझिलेच्या दुकानात नेला. मी शाळेत शिकवतो; एकेकाळी ती माझी विद्यार्थिनी होती. आता अर्धे शहर तिच्याकडून संगणक दुरुस्त करून घेते.

तिने झाकण उघडले आणि नाक दाबले. “सर, ह्यात आंबिलीचा वास येतोय.”

“आई शेजारी बादली ठेवते. हिवाळ्यात आंबील लवकर आंबत नाही ना. ह्याच्या मागून गरम हवा येते.”

“म्हणजे चूल आहे म्हणा की!” ती हसली आणि मग गंभीर झाली. “नवं ग्राफिक्स कार्ड घातलं तर हा पॉवर सप्लाय त्याला पुरणार नाही. तो बदलला तर मदरबोर्ड मागे पडतो. मदरबोर्ड बदलला की प्रोसेसर बसत नाही. गाढवाच्या गाडीला विमानाचं इंजिन लावून काय होणार, सर? चाकं निखळतील. सरळ नवा घ्या.”

“म्हणजे ह्यातलं काहीच राहणार नाही?”

“झाकण राहील. ते मजबूत आहे.”

संध्याकाळी झेन्झोला फोन केला. त्याने मला बोलूच दिले नाही. “गुरुजी, तू त्यात पडू नकोस. शनिवारी खुपेकाका येतायत. आख्खा संगणक पाठवतो.”

“दादा, तुझ्याकडे कुठून आला?”

“झाडाला लागला होता, तोडला. तुला आंबे खायचेत की झाडं मोजायचीत?”

शनिवारी सकाळी खुपेकाका दारात उभे राहिले. मक्याच्या पिठाची पोती उतरवताना त्यांनी आईला हाक मारली, “मा-न्याथी, चहा टाका! तुमच्या थोरल्यानं ह्या खोक्यासाठी मला शपथा घालून पाठवलंय. वाटेत तीन वेळा फोन. नवरी आणत असतो तरी कुणी एवढी चौकशी केली नसती!”

आम्ही खोक्याभोवती गुंडाळलेले ब्लँकेट सोडले. खोका काळा होता, आणि त्याच्या कडेला काळ्या-पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. ती पट्टी मी ओळखत होतो. व्हिडिओवर बोलताना ती चार वर्षे झेन्झोच्या खांद्यामागे दिसत आली होती.

“काका, हा त्याचा स्वतःचा आहे.”

खुपेकाकांनी चहात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा ढवळत राहिले. “मला ‘सांगू नका’ म्हणाला होता. पण तू विचारलं नाहीस, तू ओळखलंस. ते वेगळं.”

आईने नव्या यंत्रावर तळहात ठेवला. मी ते सुरू करून पाच मिनिटे झाली होती.

“हा तर गार आहे,” ती म्हणाली. “ह्याचा काय उपयोग?”

खेळ सुरेख दिसत होता. मैदानावरचे गवत वाऱ्याने हलत होते. मी अर्धा सामना एकट्याने खेळलो, तीन गोल केले आणि कुणीही मला शिव्या दिल्या नाहीत. मी फोन उचलला.

“दादा, मग तू कशावर खेळणार?”

“तू खेळ की. मी फोनवर बघत बसेन. बोलू.”

“तू बघत बसलास तर बोलणार नाहीस.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. नुसता बसलास की तुझं ‘बरं चाललंय’ सुरू होतं. हा मी परत पाठवतोय.”

“येडा आहेस का? तुझ्याकडे मग काय उरेल? ती आईची चूल?”

“तीच. नवा खेळ खेळायची सक्ती कुणी केलीय? इंटरनेटच्या दुकानात खेळायचो तो आठवतो? गोलकीपरला चेहराच नव्हता तो.”

“आणि त्याचा डावा हात भिंतीत जायचा.” त्याच्या आवाजात हसू आले, पण त्याने ते लगेच आवरले. “तो आता कुठे मिळणार?”

“थांदाझिलेला विचारतो.”

तिच्याकडे तो होता. जुना संगणक तिने पुन्हा उघडला, अकरा वर्षांची धूळ फुंकली, घरघरणारा पंखा तेवढा बदलला आणि दोन देशांतली दोन यंत्रे एकमेकांना कशी जोडायची ते मला कागदावर लिहून दिले. “आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला संगणक मागे न्यायला सांगितलं,” ती म्हणाली. “आणि सर, आईंना सांगा, नवा पंखा आहे, हवा जरा कमी गरम येईल.”

सोमवारी काळा खोका त्याच ब्लँकेटमध्ये गुंडाळून सीमेकडे निघाला. आईने त्याच्यासोबत आंबिलीची बाटली बांधून दिली. खुपेकाकांनी बाटली नाकाजवळ धरली आणि म्हणाले, सीमेपर्यंत ही टिकेल याची जबाबदारी मी घेत नाही.

पुढच्या रविवारी चार वाजता वीज होती. पडद्यावर चौकोनी डोक्यांचे खेळाडू उभे राहिले.

“गुरुजी, माझ्या बोटांना सगळं आठवतंय,” झेन्झो हेडफोनमधून माझ्या कानात म्हणाला. “ऐक, तुला एक सांगायचंय. खोली बदलावी लागणार आहे मला—अरे! पास का नाही दिलास?”

“मी विरुद्ध संघात आहे, दादा.”

“हो का?”

त्या दुकानात आम्ही दोघे एका खुर्चीवर बसून एकाच कळफलकावर खेळायचो. त्याच्या बाजूला बाणांची बटणे, माझ्या बाजूला अक्षरे. आता माझ्यासमोर पूर्ण कळफलक होता. तरीही मी डाव्या बाजूच्या, झिजून पुसट झालेल्या अक्षरांवर बोटे ठेवून खेळत होतो, आणि खुर्चीची उजवी कड रिकामी सोडली होती.

“हं,” मी म्हणालो. “खोलीचं काय?”