पलीकडच्या किनाऱ्यावरचे तीन फूट

"समुद्राला हद्द नसते, आणि क्षितिजापलीकडचा किनारा अवघ्या मानवजातीचा असतो!" धुळ्याहून आलेल्या चित्रकार सारिका मॅडमनी माईकवरून असं जाहीर केलं, तेव्हा अभिमन पारोळ्याजवळच्या आपल्या गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला टेप लावून आपले तीन फूट मोजत होता. भरले, तेव्हा त्याने टाळ्याही वाजवल्या.

मॅडमचा प्रकल्प असा होता, की ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही त्यांनी समुद्राच्या पलीकडचा, कुणालाच न दिसणारा किनारा रंगवायचा. समुद्र अडीचशे किलोमीटर लांब असल्याने गावात पात्र उमेदवार भरपूर निघाले. भिंत साठ फुटांची, घरं वीस, घरटी तीन फूट. हद्दी मॅडमनी खडूने आखून दिल्या. चुकलं ते एवढंच. आमच्या खानदेशात दोन माणसांमध्ये रेघ ओढली की तिला बांध म्हणतात, आणि बांध थोडा तरी कोरल्याशिवाय शेजाऱ्याच्या अंगाला अन्न लागत नाही.

कुणी किनाऱ्यावर नारळ काढले, कुणी खंडेरावाचं देऊळ. जीवरामने कपाशी लावली, ठिबकसकट. अभिमनने फक्त एक खोली काढली. त्याचा मुलगा नवीन आठ महिन्यांपूर्वी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बंदरावर खोकी उचलायला गेला होता, आणि दोन महिने त्याचा फोन बंद होता. पोरगा कुठे आहे हे सांगणारा एकही कागद घरात नव्हता. म्हणून बापाने आठ दिवस खपून खोली काढली, तिला निळी खिडकी, खिडकीत नवीन. बायको ताईबाई भिंतीला नाक लावून बघून म्हणाली, "वाळी गया." अभिमनने लगेच ब्रश घेऊन गाल भरले.

नवव्या दिवशी सकाळी खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसलेली होती. शेजारच्या वनाचा, म्हणजे सख्ख्या चुलतभावाचा, जहाजं लागायचा करडा धक्का नऊ इंच आत आला होता. खिडकी गेली होती. नवीनचा अर्धा चेहरा गेला होता.

"वना, हाई काय शे?"

"धक्का शे, नाना. जहाज लागाले जागा नको?"

"तुना तीन फुटमा लाव ना जहाज!"

"मोठं जहाज शे ना."

"आठे मना नवीन उभा होता रे!"

"मंग त्याले जराखा सरकाव."

अभिमनने पाच लिटरचा डबा उचलला आणि वनाच्या तोंडावर हाणला. दोन दात निळ्या रंगात पडले. वनाने ते शोधण्यात वेळ न घालवता फावडं घेतलं आणि अभिमनच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज जिनिंगच्या वॉचमननेही ऐकला. वनाची बायको सुनंदाबाई ताईबाईच्या केसांना लोंबकळली. ताईबाईने तिच्या दंडाचा लचका तोडून थुंकला.

तोवर वीसच्या वीस घरं आपापल्या रेघा तपासायला धावली होती. प्रत्येकाने शेजाऱ्याची दोन बोटं जागा घेतलेली, आणि प्रत्येकाला फक्त आपली गेलेली दिसली. नारळवाल्यांनी देवळावर विटा टाकल्या. देऊळवाल्यांनी जीवरामला त्याच्याच कपाशीवर डोकं आपटून आडवा केला. मॅडम "कला माणसं जोडते!" असं ओरडत मध्ये शिरल्या, तेव्हा कुणाच्या तरी काठीने त्यांचं मनगट मोडलं. मॅडमनी आणलेल्या रंगांत लाल नव्हता. तो आता भिंतभर झाला.

अभिमन मोडका हात लोंबता ठेवून वनाच्या छातीवर बसला. दुसऱ्या हातात दगड होता. भिंतीवरून नवीनचा उरलेला एक डोळा बघत होता. दगड डोक्यासाठीच उचललेला होता. वनाने मान वळवली, म्हणून खांद्यावर भागलं.

पोलीस आले. हवालदाराने पंचनाम्यात 'वादग्रस्त मिळकत : समुद्रकिनारा' असं लिहिलं आणि गट नंबर विचारला. कुणाला सांगता येईना.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात जखमी अकरा आणि खाटा कमी, त्यामुळे अभिमन आणि वना शेजारी-शेजारी पडले. मध्ये स्टुलावर हवालदार. तो अभिमनवर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लिहीत होता. अभिमनला त्याचं काही वाटत नव्हतं. खिडकी गेली, ती परत काढायला हातही राहिला नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

फोन वाजला. नंबर लांबलचक.

"आबा? नवीन बोलस."

अभिमनने फोन कानाशी आणखी दाबला.

"मना फोन फुटी गया होता, आबा. आते दोस्तना फोनवर गावना मारामारीना व्हिडिओ देखा. तू वनाकाकाले दगड मारस? कसाकरता?"

"तू... तू जेवस का रे टायमावर?"

"जेवस ना. आबा, ते चित्र देखं मी. पन मना खोलीले खिडकी नही शे. आनि समुद्र त मी आजून देखाच नही. गोडाऊनमा शे मी."

अभिमन मान हलवत राहिला, जणू पोराला ती तिकडे दिसत होती. डोळ्यांतलं पाणी प्लॅस्टरवर पडत होतं. हवालदाराने लिहिणं थांबवलं.

शेजारच्या खाटेवर हनुवटीपर्यंत पट्ट्यांत बांधलेला वना बराच वेळ मान उंचावत होता. शेवटी तो पडलेल्या दातांच्या फटीतून फुसफुसला,

"नाना, स्पीकर लाव ना. मले बी आयकू दे."