गौलीगुड्याचा गुरू

मी गुरू. आभाळातला नव्हे, हैदराबादच्या गौलीगुड्यातला. उर्दू वर्तमानपत्रांचा लगदा आणि मैद्याची खळ यांचा, घागरीएवढा पोकळ गोळा. शाळेतली मुलं मला मुश्तरी म्हणत, कारण निजामाच्या राज्यात मराठी पोरंही शास्त्र उर्दूतच शिकायची. घरात मात्र मी गुरूच होतो.

मला घडवलं इंदुताईंनी. त्यांचे यजमान एकनाथराव सरकारी शाळेत शास्त्र शिकवायचे. प्रदर्शनासाठी त्यांना एक ग्रह हवा होता, पण हाताला वळण नव्हतं. ते पुस्तक उघडून पाटावर बसले आणि इंदुताईंनी पदर खोचला.

"डोक्याशी आणि बुडाशी जरा चपटा कर," एकनाथराव म्हणाले. "दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. त्या वेगानं मध्ये फुगलाय."

"आणि हे पट्टे कसले?"

"ढगांचे. दिसतं ते सगळं ढगच. खाली पाय टेकायला जमीन कुठं लागते, लागते की नाही, कुणाला माहीत नाही."

"अगं बाई! मग पडणारा पडतच राहील की," इंदुताई म्हणाल्या आणि गेरूचे पट्टे ओढू लागल्या. तांबड्या डागासाठी त्यांनी करंड्यातलं कुंकू डिंकात कालवलं. तारांना चार रिठे खोचून चार मोठे चंद्र केले. बुडाशी शाळेचा शिक्का बसला, सामानाच्या रजिस्टरात माझं नाव चढलं, आणि दोन वर्षं मी वर्गात सुखानं गरगरलो.

मग १९४८ उजाडलं. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, पण हैदराबादचं काय होणार ते कुणालाच कळेना. अफझलगंजाकडून रझाकारांच्या लॉऱ्या घोषणा देत आल्या, की गल्लीतली दारं पटापट लागायची. मुलं शाळेत येईनात. रंग सुधारायचं निमित्त काढून एकनाथरावांनी मला घरी आणलं आणि कोनाड्यात ठेवलं.

जुलैत एका दुपारी इंदुताईंचा धाकटा भाऊ वसंत आला. तो बंदी घातलेल्या स्टेट काँग्रेसचं काम करत लपूनछपून फिरत होता. एकनाथराव बाहेर गेले होते. त्यानं पाणीही घेतलं नाही. सदऱ्याच्या आतून एक घडी केलेला कागद काढला.

"अक्का, एवढं ठेव. सव्वीस नावं आहेत. आपल्या माणसांना घरात लपवणारी, सरहद्दीपार पोचवणारी."

"वसंता, असलं कुणी लिहून ठेवतं का रे?"

"माझ्या पाठ राहत नाही. मी सापडलो तर पुढच्याला ही घरं कशी कळणार? आपला माणूस येईल, त्याला दे. दाजींना सांगू नको, त्यांची नोकरी सरकारी."

तो गेल्यावर इंदुताईंनी विळीच्या पात्यानं माझा मधला सांधा उकलला, कागद आत सरकवला, खळ लावली आणि वरून गेरूचा पट्टा फिरवला. नजर सारखी दाराकडे जात होती, त्यात पट्टा वाकडा गेला.

चौथ्या दिवशी वसंत पकडला गेला. कागद न्यायला मात्र कुणीच आलं नाही.

तेव्हापासून त्या बाईला भीतीनं घेरलं. दूधवाल्यानं कडी वाजवली तरी हातातलं भांडं निसटायचं. जेवताना नजर माझ्याकडे जायची आणि चटका बसल्यासारखी परत फिरायची. दोनदा त्यांनी कागद जाळायला मला चुलीपाशी नेलं. दोन्ही वेळा त्या सव्वीस घरांची वाट कायमची बुजेल म्हणून परत ठेवलं.

"का गं, सारखी त्याच्याकडे बघतेस?" एकनाथराव विचारायचे.

"पट्टा वाकडा झालाय," त्या म्हणायच्या.

सप्टेंबरच्या तेरा तारखेला हिंदी फौजा राज्यात शिरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दार धडधडलं. पोलीस अमीन, म्हणजे तिथला फौजदार, दोन जवानांसह आत आला. वसंतच्या बहिणीचं घर म्हणून झडती होती. जवानांनी गाद्या उसवल्या, डाळीचे डबे उपडे केले. शेवटी अमीनची नजर माझ्यावर पडली.

"ये क्या है? तारां-बिरां लगे हुए. बम है क्या?"

"नहीं साहब, मुश्तरी है," एकनाथराव म्हणाले. शिकवायची सवय अशी, की भीतीच्या भरात ते शिकवायलाच लागले. पट्टे दाखवले, चंद्र दाखवले.

अमीननं तांबड्या डागावर अंगठा दाबला. "और ये?"

"तूफान बोलते हैं साहब. सैकडों बरस से चल रहा. अपनी पूरी जमीन उस में समा जाए, इतना बडा."

"थमता नहीं?"

"अब तक तो नहीं थमा."

अमीननं मला कानाशी धरून हलवलं. माझ्या पोटात कागद खुळखुळला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, पण त्याचा अर्थ एकट्या इंदुताईंना कळला. अमीननं खिशातून चाकू काढला.

"काटो," इंदुताई एकदम पुढं होऊन म्हणाल्या. स्वतःच्या आवाजाचं त्यांनाच नवल वाटलं असावं. "मगर सरकारी सामान है. नीचे शिक्का देखो. काटना है तो लिख के देव, दस्तखत के साथ."

अमीन थबकला. माझं बूड उलटून पाहिलं. सरकारी शिक्क्यावर चाकू चालवायला तोही कचरला असावा. "चौकी पे रहेगा," तो म्हणाला. पावती लिहून दिली, खाली पूर्ण नावानिशी सही केली, आणि जवानाच्या काखेत मी निघालो.

दार लागलं तेव्हा आतून ऐकू आलं ते एवढंच: "अहो, त्यात कागद आहे."

चौकीत दिवे लागायच्या वेळी अमीननं जवानांना चहाला पिटाळलं आणि माझा सांधा चिरला. मी म्हटलं, संपलं. सव्वीस दारं आता धडधडणार. त्यानं यादी वाचली. एका नावावर बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग घडी जशीच्या तशी घालून त्यानं कागद माझ्या पोटात परत ठेवला.

"कुछ निकला साहब?" जवानानं येऊन विचारलं.

"कागज का कद्दू है. क्या निकलता?"

तसं का केलं, मला आजही सांगता येत नाही. वारं फिरलेलं दिसलं असेल. ते बोट थांबलं तिथं कुणी ओळखीचं असेल.

सतरा तारखेला संध्याकाळी निजामानं शरणागती दिल्याचं रेडिओवर कळलं. दुसऱ्या दिवशी इंदुताई एकट्याच चौकीत आल्या. जवान पळून गेले होते. अमीन साध्या कुडत्यात बसला होता, दाढी वाढलेली. इंदुताईंनी माझा चिरलेला सांधा पाहिला, आत बोट घालून कागद चाचपला, आणि त्यांना सगळं कळलं.

"आप ने पढा?"

"हौ."

"और?"

"और क्या, बाई. अब मेरा भी नाम किसी की लिस्ट में होगा." तो माझ्याकडे बघत होता, त्यांच्याकडे नव्हे. "घर में चार बच्चियां हैं."

ती भीती इंदुताईंनी लगेच ओळखली. अडीच महिने त्यांच्याच घरात राहून गेलेली ती. त्यांनी मला उचललं.

आठ दिवसांनी वसंत सुटून आला. हडकला होता, पण डोळे पेटलेले. यादी घेतली, अक्काच्या पाया पडला आणि खिशातून कोरा कागद काढला.

"आता दुसरी यादी करायची. झडतीला आला तो अमीन कोण?"

पावती देव्हाऱ्याच्या फळीवर होती. इंदुताई उठल्या, ती घेऊन चुलीपाशी गेल्या, आणि चहाच्या आधणाखाली सारली.

"नाव कोण सांगतंय आपल्याला," त्या तिथूनच म्हणाल्या.

"दाजी, तुम्ही तर बोललात त्याच्याशी?"

एकनाथरावांनी बायकोकडे पाहिलं. त्या माणसाला खोटं कधी जमलं नव्हतं. "मी? मी मुश्तरीबद्दल बोलत होतो," ते म्हणाले.

वसंतनं कागद तसाच घडी करून ठेवला.

आता मी हैदराबादेतच, कुकटपल्लीत, त्यांची नात सुनीता हिच्या फ्लॅटमध्ये कपाटावर असतो. दोन रिठे गळाले. माझ्या लगद्यातली उर्दू या घरात कुणाला वाचता येत नाही, मराठीही जेमतेम. दार जोरात वाजलं, की अजून माझ्या पोटात काहीतरी हलल्यासारखं होतं.

मला टाकायचं असेल तर टाका. झिजलोय, तक्रार नाही. तुम्हाला सगळं सांगितलं; त्या सहीतलं नाव तेवढं विचारू नका. माझ्या ध्यानात आहे. मी सांगणार नाही.