पाहुणीच्या आंघोळीचं पाणी

त्या उन्हाळ्यात औरंगाबादेत नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. मुकुंदवाडीच्या पलीकडं नव्या वसाहती मात्र धडाधड उभ्या राहत होत्या. तिथंच मनस्विनी आणि केयूरनं घर बांधलं होतं. वरची खोली ते वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना देत. "पाण्याचं रडगाणं पाहुण्यांपुढं गायचं नाही," असं केयूरनं बजावून ठेवलं होतं. "एकानं जरी नेटवर लिहिलं, तर दुसरं कुणी फिरकणार नाही."

मे महिन्यात पोलंडहून हन्ना आली. साठी उलटलेली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. आल्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात रमली. मनस्विनीच्या सासूबाई, अनसूयाबाई, पोळ्या लाटायच्या आणि हन्ना शेजारी बसून वेडेवाकडे नकाशे लाटायची. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी हसून हसून बेजार व्हायच्या. मनस्विनीलाही ती आवडली होती.

एके दिवशी दुपार कलताना हन्ना अजिंठ्याहून परतली ती धुळीनं माखून, तोंड उन्हानं लालबुंद. तडक न्हाणीघरात गेली आणि शॉवर सुरू झाला. खाली मनस्विनी पिंपातलं पाणी पुरवून पुरवून भांडी विसळत होती. सकाळपासून टँकरवाला फोन उचलत नव्हता, आणि केयूर 'तू बघ' म्हणून ऑफिसला निघून गेला होता. वर पाणी पडतच राहिलं. भिंतीतल्या पाइपाची खळखळ ऐकता ऐकता तिचं डोकं तापत गेलं. शेवटी हातातला पेला आपटून ती गच्चीवर गेली आणि टाकीचा कॉक करकचून बंद केला.

ती जिना उतरते तोच हन्नानं दार उघडलं. अंगाला टॉवेल, केसांत फेस, एक डोळा घट्ट मिटलेला.

"पाणी गेलं?" तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"संपलं," मनस्विनी म्हणाली. "सगळ्या शहरात हेच आहे. इथं पाणी जपून वापरावं लागतं. तुमच्या देशात नसेल तशी सवय."

शेवटचं वाक्य मुद्दाम टोचून. मग तिनं पिंपातून तांब्याभर पाणी आणून दिलं. हन्नानं तो तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि "सॉरी, सॉरी" म्हणत दार लावून घेतलं.

आता जरा बरं वाटेल, असं मनस्विनीला वाटलं होतं. वाटलं नाही. परत जाऊन कॉक उघडावा, तर खोटं उघडं पडणार. संध्याकाळी बघू, म्हणत तिनं ते टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हन्ना खोलीत नव्हती. थोड्या वेळानं दारात रिक्षा थांबली आणि हन्ना धापा टाकत पाण्याचे दोन मोठे जार उतरवू लागली. कालचा डोळा अजून लाल होता.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "काल मी तुमचं सगळं पाणी संपवलं. मला रिक्षावाल्यानं दुष्काळाचं सांगितलं. मला माहीत नव्हतं."

तेवढ्यात गच्चीवरून हाक आली. करमाडहून कामाला येणारी मनकर्णाबाई नळ कोरडा का, ते बघायला वर गेली होती.

"अवं ताई, टाकी तर अर्धी हाय! कॉकच बंद हाय की! कुणी केला व्हता?"

आणि स्वयंपाकघरातला नळ खोकत खोकत सुरू झाला.

"काय म्हणते ती?" हन्नानं विचारलं.

मनस्विनी जार उचलायला वाकली. "म्हणते... टँकर येऊन गेला."

हन्नानं टाळ्या वाजवल्या आणि तिला मिठीच मारली. तिच्या केसांना अजून साबणाचा चिकटपणा होता.

त्यानंतर हन्नानं शॉवरला हात लावला नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसायची. "पाव्हणीबाई बादली बी भरू देत नाय," मनकर्णाबाई सांगायची, आणि मनस्विनी काहीतरी काम काढून तिथून उठायची.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली. हन्नानं मनस्विनीचे दोन्ही हात धरले. "मी घरी सगळ्यांना सांगणार. तिथं पाणी नव्हतं, तरी त्या मुलीनं मला तांब्या भरून दिला."

मनस्विनीला ते सहन झालं नाही. "टाकीत पाणी होतं," ती म्हणाली. "कॉक मी बंद केला. मला राग आला होता."

हन्नाला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिचे हात हळूच सुटले.

"मी रोज तुमच्या स्वयंपाकघरात बसत होते," ती म्हणाली. "एकदा सांगायचं होतंस."

"हो."

"डोळा खूप जळला माझा." लहान मुलीसारखं म्हणाली ती.

अनसूयाबाई लगबगीनं शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. हन्नानं पुडा घेतला, त्यांच्या गालाला हात लावला आणि रिक्षात बसली. मनस्विनीकडं तिनं पाहिलं नाही.

"काय गं, रडत होती का ती?" सासूबाईंनी विचारलं.

"मी रडवलं, आई." आणि तिथंच पायरीवर बसून मनस्विनीनं सगळं सांगितलं. अनसूयाबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. पदरानं कपाळ टिपत आत गेल्या. मनस्विनी मात्र भर उन्हात कितीतरी वेळ तिथंच बसून राहिली.