चोरीपुरता विमा

प्रफुल्लकाका अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यापाशी अडले.

"पत्त्यांचा विमा?" चष्म्याच्या वरून त्यांनी मला न्याहाळलं. "रमीचे का तीनपत्तीचे? अन् जोकर धरून का सोडून, तेही सांग."

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. रायपुरातल्या आमच्या नात्यागोत्यातला प्रत्येक जीव आणि प्रत्येक स्कूटर त्यांच्याच हातून विम्याखाली आलेली. मी कपाटातून खोका आणला आणि एकेक पत्ता टेबलावर मांडला. जपानी खेळातले ते संग्राह्य पत्ते: पंख असलेले सर्प, पाण्यातले राक्षस, आणि एक निळा पक्षी, ज्याच्या पिसांवरून उजेड सरकला की तो क्षणभर उडाल्यासारखा वाटे. प्रत्येक पत्ता परदेशी तज्ज्ञांनी तपासून, दर्जा ठरवून, कडक पारदर्शक डबीत सीलबंद केलेला. कॉलेजात असताना शिकवण्या करून मी ते एकेक करून जमवले होते.

बाबा पलीकडे पेपर वाचत होते. सदर बाजारात त्यांचं चांदीच्या भांड्यांचं दुकान. ज्या वस्तूला वजन नाही, ती त्यांच्या लेखी नव्हतीच. माझा छंदही नव्हता, आणि कधी कधी मला वाटे, मीही नव्हतो.

"कितीचा लिहू?" काकांनी विचारलं.

मी वर्षभरातल्या लिलावांचे दर दाखवले. बेरीज अकरा लाखांवर गेली. पेपर खाली आला.

"या कागदाचे?" बाबा म्हणाले.

"बजार देते तो भाव, भाऊ. तुमच्या चांदीचं काही वेगळं आहे का?"

बाबांनी निळा पक्षी उचलला आणि सवयीने तळहातावर तोलला. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या वाट्याला यायला सव्वीस वर्षं लागली होती. तिच्यामागचं कारण क्षुद्र आहे हे कळत असूनही मी सुखावलो.

विमा कंपनीची अट एकच होती. माल पोलादी तिजोरीत हवा. तिजोरी होती ती फक्त दुकानात.

"ठेव ना मग," बाबा म्हणाले. "दुकान काय परक्याचं आहे?"

या विम्यामागचा हेतू मी कुणालाच सांगितला नव्हता. माझा मित्र नीलेश पुण्यात अशाच पत्त्यांचं दुकान काढत होता. जागा त्याची, माल माझा, आणि तो माल हीच माझी भागीदारी. दिवाळी झाली की पत्ते घेऊन जायचं आणि परतायचं नाही, असं ठरलं होतं. शंकर नगरच्या एका कचेरीत मी लोकांची आयकराची विवरणपत्रं भरत असे. संध्याकाळी घरी परतताना बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत स्कूटर वळवताना पुढचं सारं आयुष्य मला एका सलग भिंतीसारखं दिसे, आणि निळा पक्षी ही त्या भिंतीतली एकच खिडकी होती. दिवाळीपर्यंत ती कुणी चोरू नये, एवढीच माझी भीती. माझ्या कल्पनेतला चोर नेहमी बाहेरून येत असे.

लक्ष्मीपूजनाचा दिवस हाच माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. राजीनामा मी घरी न सांगताच दिला होता. कचेरीतून थेट दुकानात पोहोचलो तेव्हा पूजा आटोपली होती; आई आणि प्रफुल्लकाकाही तिथेच होते.

आमच्या दुकानात त्या संध्याकाळी तिजोरी पूर्ण रिकामी करतात. वर्षभर मखमलीत झाकलेली प्रत्येक वस्तू उघडी करून पाटावर मांडायची, तिला दुधा-पाण्याचा हात लावायचा, हळदकुंकू वाहायचं. देवीसमोर धन झाकून ठेवलं तर ते तिला पोहोचत नाही, असं आजोबा सांगत आणि बाबा ते पाळत.

पाटाच्या मधोमध, चांदीच्या ताटात, माझे पत्ते होते. उघडे.

पत्रा कापायच्या कातरीने कडेकडेने फोडलेल्या डब्या एका कोपऱ्यात पडल्या होत्या. निळ्या पक्ष्याच्या माथ्यावर ओल्या कुंकवाचं बोट उमटलं होतं. पिसांवर अक्षता चिकटल्या होत्या आणि कडा दुधाने फुगल्या होत्या.

"हे पाय बरं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला मऊपणा होता. "चांदीच्याही वर ठेवले. मस्त दिसून राहिले ना?"

"काय झालं रे?" आईने विचारलं. "तोंड काहून उतरलं तुहं?"

मला सांगावं लागलं. सील तुटलं की दर्जाचा दाखला संपतो आणि डाग पडला की पत्ता केवळ कागद उरतो. माझा आवाज इतका बारीक झाला होता की काकांना पुढे झुकून ऐकावं लागलं.

"म्हणजे किती गेले?" बाबांनी विचारलं.

"जवळजवळ सगळे."

बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. ती कडाडत संपली.

"विमा चोरीपुरता आहे, भाऊ," काका अखेर म्हणाले. "पूजेचं कलम नाही त्याच्यात." त्यांनी हसून पाहिलं, पण साथ मिळाली नाही.

बाबांची नजर शटरवर गेली. "प्रफुल्ल, कुलूप तोडलेलं असलं तं?"

काकांनी आवाज उतरवला. "तोडलेलं दिसलं पाहिजे. अन् माल दिसला नाही पाहिजे, तलावात टाका लागंन. पोलिसात लिहून द्या लागंन."

"देऊ लिहून."

हेच बाबा एकदा एका गिऱ्हाइकाची विसरलेली जोडवी परत करायला भर उन्हात सायकल मारत धमतरी रस्त्यावरच्या खेड्यापर्यंत गेले होते. आता ते माझ्यासाठी खोटं लिहून द्यायला तयार होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती माया, आणि तिच्याआड लपलेली एक हाव.

"चालेल," मी म्हणालो.

"बस, झालं तं मग." बाबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "पैसे आले की दुकानावर माळा बांधू. बाप-लेकाचं दुकान. का तुह्या मनात काही दुसरं आहे?"

माझ्या मनात काय आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. त्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं मला जमलं नाही. मी पुणं सांगितलं, नीलेश सांगितला, राजीनामा सांगितला. परतायचं नव्हतं, तेही सांगितलं.

आई खाली बसली. बाबांनी ताटातलं एक झेंडूचं फूल उचलून सरळ ठेवलं, मग दुसरं.

"राहू दे प्रफुल्ल," ते म्हणाले. "खोटं लिहून द्यायचं काम आपल्या घरात होत नाही."

"भाऊ, आत्ताच तं तुम्ही..."

"लक्ष्मीसमोर बसलो आहो आपण. पाप आहे ते." मग ते माझ्याकडे वळले. ते रागावलेही नव्हते. "अन् तू हो म्हटलं. तुह्याकडून मले असं वाटलं नव्हतं."

मी मान खाली घातली. त्या घरात त्या संध्याकाळी अप्रामाणिक ठरलेला मी एकटाच होतो.

भाऊबीजेला नीलेशचा फोन आला आणि मी त्याला झालेलं सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ हळहळ केली आणि मग म्हणाला, "डागाळलेला माल भागीदारीत कसा धरू, यार? तू ये पण. काउंटरवर बस. पगार देतो, जास्त नाही जमणार."

दोन्ही काउंटर मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकामागे मालक म्हणून मित्र उभा होता, दुसऱ्यामागे बाप. मित्राच्या हाताखाली राहून मैत्री रोज थोडी झिजली असती. इथे झिजण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नीलेशला नाही म्हणालो.

पुढच्या सोमवारी बाबांनी मला गादीवर बसवलं आणि आल्यागेल्याला पेढे दिले. दुपारी एक ओळखीच्या बाई पैंजण मोडायला आल्या.

"हमारा शिशिर है, दीदी," बाबा त्यांना म्हणाले. "नौकरी छोड़कर दुकान में बैठ गया. अपनी मर्ज़ी से. आजकल के लड़के कहाँ बैठते हैं?"

"सच में, भैया? बड़ा समझदार है."

त्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो, काटा शून्यावर आणला आणि पैंजण त्यावर ठेवले.